घोडा, उंदीर आणि सापाची लस

ग्रामीण रुग्णालयातल्या औषधांच्या कपाटात एक लहानशी काचेची कुपी असते. आत पांढरट भुकटी, लेबलवर चार सापांची नावं – नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे – आणि हे औषध घोड्यापासून तयार केलेलं आहे अशी बारीक अक्षरांतली नोंद. डॉक्टर तिला ‘एएसव्ही’ म्हणतात, गावात ‘सापाची लस’. रात्रपाळीच्या विजेवर शेतात पाणी धरायला गेलेल्या माणसाला घोणस चावली, तर त्याचं जगणं-मरणं या कुपीवर असतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की बहुतेकांना आठवतो तो सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीत डोळे गमावणारा ससा, नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाचण्या टोचून ट्रेमध्ये उताणा ठेवलेला बेडूक. हे दोन्ही वाद आपल्याकडे जवळपास मिटले. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. कुणाचं फारसं अडलं नाही. बेडकाच्या पोटात काय असतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि लिपस्टिकवाचून कुणी मरत नाही.

सर्पदंशाचं तसं नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली पावाहून जास्त पंधरा वर्षांखालची मुलं. विषाचा परिणाम रोखणारं खात्रीचं औषध आज एकच आहे आणि त्यासाठी साप, घोडा आणि उंदीर असे तीन प्राणी राबतात. प्राण्यांच्या हक्कांची चर्चा खऱ्या अर्थाने कुठे अवघड होते हे पाहायचं असेल, तर ही कुपी तयार कशी होते ते टप्प्याटप्प्याने पाहायला हवं.

सुरुवात सापापासून. देशातल्या उत्पादकांना लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतून येतं. महाबलीपुरमजवळ इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. १९७८ मध्ये ती स्थापन झाली, तेव्हा त्यामागे सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर होते. त्याआधी इरुला लोक कातड्यासाठी साप मारत. कातड्याच्या व्यापारावर बंदी आली आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. वनखात्याच्या परवानगीने आता ते साप पकडतात आणि मातीच्या मडक्यांत साधारण तीन आठवडे ठेवतात. या काळात आठवड्यातून एकदा विष काढलं जातं. नंतर पोटाकडचा एखादा खवला खुणेसाठी कातरून साप सोडून देतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही. काढलेलं विष गोठवून सुकवतात आणि भुकटी ग्रॅमच्या हिशेबात विकतात. तिघांपैकी साप सर्वांत स्वस्तात सुटतो असं म्हणायला हरकत नाही.

एक गोम मात्र आहे. एकाच जातीच्या सापाचं विष सगळीकडे सारखं नसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सापांची विषं तपासली, तेव्हा हा फरक ठळकपणे दिसला. दक्षिणेतल्या विषावर तयार झालेलं औषध दूरच्या प्रदेशातल्या सापावर कमी पडू शकतं. औषध कमी पडलं की कुप्या जास्त लागतात, आणि जास्त कुप्या म्हणजे जास्त रक्त.

आता घोडा. ही कल्पना सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत हा फ्रेंच डॉक्टर सायगावच्या पाश्चर संस्थेत होता. तिथे नागदंशाने मेलेली माणसं त्याने पाहिली. घटसर्पावर प्राण्याच्या रक्तातून औषध करण्याची रीत तेव्हा नुकतीच सापडली होती. तीच नागाच्या विषाला लावून त्याने १८९५ च्या सुमारास घोड्यांपासून पहिलं औषध तयार केलं. ते सगळ्याच सापांवर चालेल असं त्याला वाटे. ब्राझीलच्या व्हितल ब्राझील यांनी ते खोडून काढलं. ज्या सापाचं विष, त्याच सापावर औषध, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या कुपीवर चार नावं असतात ती म्हणूनच. पश्चिम घाटातला हिरवा चापडा चावला तर त्या चौघांवरचं हे औषध उपयोगी पडेल असं धरून चालता येत नाही.

घोडाच का? तो मोठा, म्हणून रक्त भरपूर. माणसाळलेला, म्हणून सुई टोचू देतो. आणि त्याची प्रतिकारशक्ती विषाला जोरदार उत्तर देते. महाराष्ट्रात या कामाची जुनी परंपरा आहे. हाफकिनच्या नावाने चालणाऱ्या सरकारी महामंडळाचं पिंपरीत घोड्यांच्या रक्तातून औषधं करण्याचं काम चालत आलं आहे, आणि जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावलाही खासगी उत्पादक आहे.

नवा घोडा आला की आधी वेगळा ठेवतात, रोगांच्या तपासण्या होतात, धनुर्वाताची लस दिली जाते. मग विषाची अगदी थोडी मात्रा, घोड्याला त्रास होणार नाही इतकी, कातडीखाली टोचतात. काही दिवसांनी थोडी जास्त. असं काही महिने चालतं. शेवटी घोडा अशी मात्रा पचवतो की सुरुवातीला ती दिली असती तर तो आडवा झाला असता. विषाचे निरनिराळे घटक ओळखून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं आता त्याच्या रक्तात तयार असतात.

त्रास सुरू होतो तो या टोचण्याच्या पद्धतीत. नुसतं विष दिलं तर शरीर मंदपणे उत्तर देतं, म्हणून त्यात उत्तेजक मिसळतात. जुनं आणि जबरदस्त उत्तेजक म्हणजे तेल आणि मेलेले क्षयजंतू यांचं मिश्रण. त्याने उत्तर जोरात येतं खरं, पण टोचलेल्या जागी गाठी होतात, पू होतो, जखमा चिघळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी वेगळी वाट दाखवली आहे. विष कमी घ्या, द्रव थोडा ठेवा, मानेवर एकाच ठिकाणी न टोचता अनेक ठिकाणी थेंब-थेंब द्या. थायलंडमध्ये ही पद्धत पक्की झाली. घोड्याचं दुखणं कमी होतं आणि प्रतिपिंडं उलट लवकर आणि चांगली मिळतात. प्राण्याचं हित आणि औषधाचा दर्जा यांत दरवेळी भांडण असतंच असं नाही, याचा याहून चांगला दाखला माझ्या माहितीत नाही.

मग रक्त घेतात. घोड्याच्या वजनाच्या आठेक टक्के त्याचं रक्त असतं. चारशे किलोच्या घोड्यात म्हणजे बत्तीस लिटरच्या घरात. किलोमागे पंधरा मिलिलिटरच्या आसपास ही एका वेळची सुरक्षित मर्यादा मानतात, म्हणजे फार तर सहा लिटर. मानेच्या मोठ्या शिरेत जाड सुई जाते, रक्त गोठू न देणारा द्रव असलेल्या पिशव्या भरतात आणि त्या थंड ठिकाणी टांगून ठेवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर रक्तद्रव उरतो. औषध त्या पिवळ्या भागात. तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात कालवून, कोमट करून घोड्याला परत चढवता येतात. हे केलं तर घोडा अशक्त होत नाही. केलं नाही आणि महिन्या-महिन्याला रक्त काढत राहिलं, तर तो खंगत जातो.

हा ‘केलं नाही तर’ काल्पनिक नाही. दशकभरापूर्वी देशातल्या अशा तबेल्यांची प्राणी कल्याण मंडळाच्या निरीक्षकांनी तपासणी केली. रक्तक्षय झालेले, खुरं कुजलेले, डोळ्यांना इजा झालेले घोडे आणि खेचरं त्यांना सापडली. औषध बनवण्यासाठी हा त्रास मुळीच आवश्यक नव्हता. कुरण, खुरं कापणारा माणूस आणि पगारी पशुवैद्य यांवरचा खर्च वाचवल्याचा तो परिणाम होता. घोड्याकडे दुर्लक्ष माणसाला किती महाग पडू शकतं हे अमेरिकेने १९०१ मध्ये पाहिलं. सेंट लुईस शहरात जिम नावाचा घोडा होता, पूर्वी दुधाची गाडी ओढणारा. तीन वर्षं त्याच्या रक्तातून घटसर्पाचं औषध निघत होतं. त्याला धनुर्वात झाला म्हणून त्याला मारलं, पण त्याआधी काढलेलं रक्त तपासणीविनाच बाटल्यांत गेलं. तेरा मुलं धनुर्वाताने मेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अशा औषधांवर सरकारी देखरेखीचा पहिला कायदा आला.

पिवळ्या द्रवापासून भुकटीपर्यंतचं काम कारखान्यातलं. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. वरच्या दोन फांद्या विषाला धरतात आणि खालचा दांडा हा घोडा आहे, अशी ओळख सांगतो. माणसाचं शरीर बिथरतं ते बरंचसं या दांड्यामुळे, म्हणून पेप्सिन नावाच्या पाचक द्रव्याने तो तोडून टाकतात. हे पेप्सिन डुकराच्या जठरातून येतं, त्यामुळे चौथा प्राणीही यात आहेच. मग गाळणं, शुद्ध करणं, गोठवून सुकवणं. भुकटीला थंड साखळी लागत नाही. वीज जाते-येते अशा आरोग्य केंद्रांत म्हणून तीच परवडते.

आता या कुपीत दम आहे का, हे ठरवायचं कसं? इथे उंदीर येतो. माझ्या मते सगळ्यांत अवघड प्रश्न घोड्यापाशी नाही, याच टप्प्यावर आहे.

भारतीय औषधकोशाचा दंडक असा: एक मिलिलिटर औषधाने नागाचं किमान ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचं ०.६, मण्यारचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम सुकं विष निष्प्रभ केलं पाहिजे. या आकड्यांवर रुग्णाचा डोस ठरतो. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असं धरतात. दहा मिलिलिटरची एक कुपी सहा मिलिग्रॅमला पुरते. म्हणून पहिल्या झटक्यात आठ ते दहा कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप समोरच्याचं वय पाहून विष कमी सोडत नाही. कुपीवरचा आकडा खोटा निघाला तर दहा कुप्या देऊनही माणूस दगावेल. त्यामुळे तयार झालेली प्रत्येक खेप तपासावी लागते.

तपासणी अशी. अठरा ते वीस ग्रॅम वजनाचे पांढरे उंदीर घेतात. आधी विषाची अशी मात्रा शोधतात की जिने निम्मे उंदीर मरतील. ही कल्पना ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. मग त्या मात्रेच्या काही पट विष आणि कमी-जास्त औषध वेगवेगळ्या नळ्यांत मिसळतात. मिश्रण ३७ अंशांवर, म्हणजे शरीराच्या तापमानाला, अर्धा तास ठेवतात आणि उंदराच्या शेपटीतल्या शिरेत टोचतात. चोवीस तासांनी पिंजऱ्यात मेलेले किती, जिवंत किती ते मोजतात. चार विषं, प्रत्येकाच्या चार-पाच पातळ्या, प्रत्येक पातळीला पाच-सहा उंदीर असा नुसता गुणाकार केला तरी एका खेपेला शंभरेक उंदीर होतात. विषाची मात्रा ठरवायला लागणारे वेगळेच.

यातले जे मरतात ते कसे मरतात, हेही सांगायला हवं. नाग आणि मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. शुद्ध शेवटपर्यंत असू शकते. घोणस आणि फुरशाच्या विषाने आतून रक्तस्राव होतो. वेदनाशामक देण्याचा आणि उंदीर वाचणार नाही हे स्पष्ट होताच त्याचे हाल थांबवण्याचा विचार करावा, असं आता आंतरराष्ट्रीय सूचनांतच येतं. किती ठिकाणी ते मनापासून होतं हा वेगळा मुद्दा.

मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. माणसाने स्वतःवर प्रयोग करावेत, मुक्या जनावरावर कशाला, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडतं. पण विषाची अशी चाचणी कुणी स्वतःवर करू शकत नाही. निम्मे मरतील ती मात्रा शोधणं म्हणजे कुणीतरी मरणारच.

कायदा याकडे कसा पाहतो? जगात प्राण्यांवरच्या प्रयोगांना वेसण घालणारा पहिला कायदा ब्रिटनने १८७६ मध्ये केला. फ्रान्सेस पॉवर कॉब यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे तो आला. त्याच सुमारास, १८७४ मध्ये, मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था उभी राहिली आणि तिने परळला प्राण्यांचं रुग्णालय काढलं. जखमी बैल-घोड्यांवर उपचार करणारं हे रुग्णालय आणि पुढे हाफकिन संस्था झालेली प्लेग प्रयोगशाळा, दोन्ही एकाच परळमधली. स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिलं आणि त्यातून १९६० चा प्राण्यांशी क्रूरतेने वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. गांधीजींना जिवंत प्राण्यांची चिरफाड मुळीच मान्य नव्हती. पण हा कायदा त्यांच्या इतका पुढे गेला नाही. जीव वाचवण्यासाठी आणि ज्ञानासाठी प्रयोग बेकायदा नाहीत, असं तो स्पष्ट म्हणतो आणि पाठोपाठ अटी घालतो. टाळता येत असेल तर टाळा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग नको. वेदना होणार असेल तर भूल द्या.

अंमलबजावणी खरी सुरू झाली ती १९९८ च्या नियमांनंतर, मनेका गांधी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या अध्यक्ष होत्या तेव्हा. प्राणी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि आपली नैतिकता समिती नेमावी लागते. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक जाणता नागरिक असतो आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधीही असतो. किती प्राणी, कोणते, का, पर्याय शोधला का, वेदना कशी कमी करणार आणि शेवटी प्राण्याचं काय करणार, हे सगळं ठरलेल्या नमुन्यात लिहून द्यावं लागतं. उंदीर-घुशींचा प्रस्ताव ही समितीच मंजूर करते, मोठ्या प्राण्यांचा दिल्लीला जातो. नियमांतल्या ‘प्रयोग’ या व्याख्येत प्रतिपिंडांचं उत्पादन आणि नेहमीच्या चाचण्याही बसतात. त्यामुळे ‘आम्ही प्रयोग कुठे करतो, आम्ही तर औषध बनवतो’ असं म्हणून तबेलेवाल्याला सुटता येत नाही.

कागदावर हे चोख आहे. कळीचा माणूस तो बाहेरचा सदस्य. तो बैठकीत नुसती सही करतो की ‘शंभरच का, साठ का नाहीत’ असं विचारतो, यावर सगळं अवलंबून.

साठ का नाहीत, हा प्रश्न विचारायला शिकवलं विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी, १९५९ च्या पुस्तकात. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, नाहीतर संख्या घटवा, तेही जमत नसेल तर त्रास कमी करा. प्राणिहक्काच्या तत्त्वज्ञांना हे पुरेसं वाटत नाही, आणि त्यांच्यातही एकमत नाही. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये मांडलं की घोड्याचं दुखणं आणि माणसाचं दुखणं एकाच तराजूत मोजा. या हिशेबाने नीट सांभाळलेला एक घोडा कितीतरी माणसं वाचवत असेल, तर कुपीला बाजू मांडायला जागा राहते. टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये हा तराजूच नाकारला. घोड्याला स्वतःचं आयुष्य आहे, ते दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरायची वस्तू नव्हे, मग फायदा कितीही मोठा असो. रीगन यांचं म्हणणं मला निरुत्तर करतं, पण पटत नाही. फुरसं चावून हिरड्यांतून रक्त येणाऱ्या मुलासमोर उभ्या असलेल्या महाडच्या किंवा मोखाड्याच्या डॉक्टरला ते पटवून देणं मला तरी जमणार नाही. मात्र रीगन यांच्यामुळे एक गोष्ट होते. घोडा वापरणं ‘चालतंच’ या सदरात न राहता त्याचं कारण दरवेळी द्यावं लागतं.

आज पर्याय काय आहेत? उंदराच्या बाबतीत बऱ्यापैकी आहेत. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताच्या गोठण्यावर हल्ला करतं. तो हल्ला औषधाने थांबतो का, हे काचेच्या नळीत रक्तद्रव घेऊन पाहता येतं. औषधातली प्रतिपिंडं विषाच्या कोणत्या घटकाला किती घट्ट धरतात, हेही यंत्रावर मोजता येतं. स्पेनच्या हुआन होसे कालवेते यांच्या गटाने ही पद्धत नावारूपाला आणली. अशा चाचण्यांनी कमअस्सल खेपा आधीच बाजूला काढल्या, तर उंदीर फक्त शेवटच्या शिक्कामोर्तबाला लागतील. अडतं ते पुराव्यावर. नळीतला आकडा आणि उंदरातला आकडा प्रत्येक सापाच्या विषासाठी जुळतो हे दाखवावं लागतं, आणि तोवर नियामक जुनी चाचणी सोडत नाही. त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. पण उंदराची चाचणी तरी कुठे फार अचूक आहे? निकालात मोठी तफावत येते. शिवाय विष आणि औषध आधी नळीत मिसळून टोचणं याचा खऱ्या सर्पदंशाशी संबंध बेताचाच. माणसाच्या अंगात विष आधी पसरतं आणि औषध मागून तासा-दोन तासांनी येतं.

घोड्याला पर्याय हा लांबचा पल्ला. प्रयोगशाळेत पेशींकडून हवी तीच प्रतिपिंडं बनवून घ्यायची, घोडा मध्ये नकोच, ही दिशा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने बंगळुरूच्या सुनगर यांच्या गटासोबत एक मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला ब्लॅक माम्बा अशा वेगवेगळ्या सापांमध्ये आढळणाऱ्या एका चेताविषाला ते अडवतं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्याच डेव्हिड बेकर यांच्या गटाने याच प्रकारच्या विषांना धरणारी प्रथिनं संगणकावर घडवली. दोन्हींची परीक्षा शेवटी उंदरांवरच झाली. घोणस आणि फुरशाची विषं वेगळ्या घडणीची, अनेक विकरांचं मिश्रण असलेली. एका प्रतिपिंडाने त्यांचं भागत नाही. चार सापांवर चालणारी, खेड्यातल्या दवाखान्याला परवडणारी कुपी या मार्गाने यायला वेळ आहे. नियम मात्र मोकळे होऊ लागले आहेत. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांवर चाचणीची कायदेशीर सक्ती काढली. भारतानेही २०२३ मध्ये पेशी, अवयवांच्या चिप आणि संगणकी प्रारूपं यांवर केलेल्या चाचण्यांना नियमांत जागा दिली.

मधल्या काळात सगळ्यांत जास्त घोडे आणि उंदीर वाचवता येतील ते दवाखान्यात. बिनविषारी साप चावलेल्याला, किंवा विषारी सापाने कोरडा चावा घेतलेल्याला, घाबरून एएसव्ही दिलं जातं. हे प्राण्याचं रक्त वाया घालवणं आहेच, शिवाय रुग्णाला जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. यावर एक जुनी, जवळपास फुकटातली चाचणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात काम करतंय, औषध लगेच सुरू करा. गोठलं असेल आणि पापण्या जड होणं, गिळायला त्रास होणं अशी लक्षणंही नसतील, तर थांबा, लक्ष ठेवा, पुन्हा तपासा. नळी प्लास्टिकची नको आणि साबणाने धुतलेलीही नको, नाहीतर निकाल चुकतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात काचेची कोरडी नळी आणि घड्याळ असणं ही काही मोठी मागणी नव्हे. त्या-त्या प्रदेशातल्या सापांचं विष वापरून औषध केलं, तर रुग्णामागे लागणाऱ्या कुप्याही कमी होतील. महाराष्ट्रापुरतं हे काम सरकारी महामंडळाने हाती घ्यायला हवं.

आणि न झालेल्या चाव्याला एकही कुपी लागत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायांत बूट असू द्या. गवताच्या भाऱ्यात किंवा सरपणात हात घालण्याआधी काठी फिरवा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर झोपू नका, झोपावंच लागलं तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. साप चावलाच तर दोरीने आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि जिथे एएसव्ही आहे अशा रुग्णालयात थेट जा.